‘हब’ म्हणजे नेमके काय? चाकाच्या तुंब्यापासून नवी मुंबईच्या विमानतळापर्यंत

८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. आधीपासून इकडेतिकडे ऐकू येणारा ‘हब’ हा शब्द तेव्हापासून वर्तमानपत्रांत, भाषणांत आणि घरांच्या जाहिरातींत जिथेतिथे भेटू लागला. विमानतळ ‘एव्हिएशन हब’ होणार, महापे-रबाळे ‘डेटा सेंटर हब’ झालेच आहे, भिवंडी ‘लॉजिस्टिक्स हब’, तर पनवेलचा पट्टा ‘एज्युकेशन हब’. वाचणाऱ्याला एवढेच कळते की तिथे काहीतरी मोठे आणि महत्त्वाचे होणार आहे. नेमके काय होणार, ते कळत नाही.

हा शब्द इतका ढोबळ नाही. त्याला फार नेटका, हाताने चाचपून बघता येईल असा अर्थ आहे. तो समजून घेतला तर आपल्या शहराबद्दलची अर्धी आश्वासने आपली आपण तपासता येतात. म्हणून मला हा विषय सविस्तर मांडावासा वाटला.

आधी चाक बघू

हब हा चाकाचा भाग आहे. बैलगाडीच्या चाकाच्या मधोमध एक जाड लाकडी गट्टू असतो. सगळे आरे त्यात ठोकून बसवलेले असतात आणि त्याच्या भोकातून आख आरपार जातो. या गट्टूला आपल्याकडचे सुतार तुंबा म्हणतात. इंग्रजीत तोच हब. सायकलच्या दुकानात मात्र ‘मागचा हब खराब झालाय’ असेच ऐकू येते, म्हणजे मूळ अर्थाने हा शब्द ठाण्यातल्या सायकलवाल्यांच्या तोंडी पूर्वीपासून आहे.

आता चाक काम कसे करते ते पाहू. आख जागच्या जागी राहतो, तुंबा त्याच्याभोवती फिरतो. गाडीतले ओझे आखावरून तुंब्यावर येते, तुंब्यातून त्या क्षणी खाली असलेल्या आऱ्यांत उतरते, आणि तिथून धावेमार्फत, म्हणजे चाकावर चढवलेल्या लोखंडी पट्टीमार्फत, जमिनीवर. चाक फिरते तसे खालचे आरे बदलत जातात. तुंब्याला मात्र सुटका नाही. ओझे कुठल्याही आऱ्यातून उतरो, ते त्याच्यातूनच जाते.

जुने इंग्रज सुतार एकाच चाकाला तीन लाकडे वापरत. आऱ्यांना ओक, परिघाला अॅश आणि तुंब्याला एल्म. एल्मच का? कारण त्याचे तंतू सरळ जात नाहीत, एकमेकांत गुंतलेले असतात. तुंब्याला चहूबाजूंनी खाचा पाडाव्या लागतात, मधून मोठे भोक पाडावे लागते. सरळ तंतूचे लाकूड अशाने चिरते, एल्म चिरत नाही. आपल्याकडे गाडीच्या चाकाला बाभळीसारखे चिवट लाकूड लागते, ते याच कारणाने. सगळीकडून भोके पाडून घ्यायची, तरीही फुटायचे नाही, ही तुंब्याची पात्रता.

ही पात्रता लक्षात ठेवावी, कारण हब शब्दाचे पुढचे सगळे अर्थ तिच्यातूनच निघाले आहेत. आरे अनेक असतात, ते एकमेकांना थेट जोडलेले नसतात, एकातून दुसऱ्यात जायचे तर तुंब्यातूनच जावे लागते, आणि त्या सगळ्यांचा भार तुंब्याला पेलावा लागतो. हे असेल तर हब. नुसते मधोमध असणे पुरेसे नाही.

शब्द आला कुठून?

इंग्रजी लिखाणात ‘हब’ सतराव्या शतकापासून सापडतो, पण कितीतरी काळ तो चाके घडवणाऱ्या सुतारांच्या बोलीतच राहिला. शिकलेली माणसे या भागाला ‘नेव्ह’ म्हणत. हब त्यामानाने खेडवळ शब्द. तो कशावरून आला हे कोशकार खात्रीने सांगत नाहीत. ‘हॉब’ या त्याहून जुन्या शब्दाचेच ते वेगळे रूप असावे, असा त्यांचा अंदाज आहे. हॉब म्हणजे चुलाण्याच्या कडेचा कट्टा, भांडे गरम राहावे म्हणून ठेवायची जागा. हल्ली मॉड्युलर किचनवाले ओट्यात बसवलेल्या शेगडीला हॉब म्हणतात, तो हाच शब्द.

जुन्या ‘नेव्ह’ची गोष्ट मात्र पक्की आहे आणि ती थेट आपल्या घरात येते. प्राचीन इंग्रजीत या भागाला ‘नफु’ म्हणत आणि बेंबीला ‘नफेला’. संस्कृतात चाकाच्या तुंब्यालाही ‘नाभि’ म्हणतात आणि बेंबीलाही. हा योगायोग नाही. हे सगळे शब्द एकाच फार जुन्या मुळातून फुटलेले आहेत. शरीराच्या मधोमध असलेली गाठ आणि चाकाच्या मधोमध असलेली गाठ यांना इंग्लंडपासून भारतापर्यंत एकाच मुळाची नावे मिळाली. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलात ‘त्रिनाभि’ चाकाचे वर्णन येते. प्रश्नोपनिषदात रथाच्या नाभीत आरे रोवलेले असावेत तसे सगळे प्राणात रोवलेले आहे, असे म्हटले आहे. जुन्या ऋषींना एकाच्या आधाराने अनेक उभे कसे राहतात हे सांगायचे होते. त्यासाठी त्यांनी रथाचे चाक निवडले, कारण ते रोज डोळ्यांसमोर असे.

नेव्ह हा शब्द इंग्रजीत मागे पडला, पण एका हत्याराच्या नावात अजून लपलेला आहे. तुंब्याला भोक पाडायच्या मोठ्या गिरमिटाला प्राचीन इंग्रजीत ‘नफुगार’ म्हणत, म्हणजे तुंब्याचा भाला. पुढे त्याचे ‘नॉगर’ झाले. ‘अ नॉगर’ बोलता बोलता लोकांना ‘अॅन ऑगर’ असे ऐकू येऊ लागले आणि सुरुवातीचा ‘न’ कायमचा गळाला. आज बांधकामाच्या जागी जमिनीत पाइलिंगसाठी भोक पाडणाऱ्या यंत्राला ऑगर म्हणतात. घणसोलीत किंवा खारघरमध्ये टॉवरचा पाया खणला जात असेल, तर तिथे चाकाच्या नाभीचा हा जुना शब्द काम करत असतो.

टांकसाळीत आणखी एक हब असतो. नाण्याचे चित्र ज्यावर उठावात कोरलेले असते तो पोलादी ठसा. तो दाबून नाण्यांचे साचे बनवतात. पण तो कारागिरांच्या जगातला अर्थ. आपल्याला वाट पुसायची आहे ती शहराची.

चाकातून शहरात: बोस्टनची फुशारकी

सुतारांच्या बोलीतला हा शब्द शहरांना चिकटला तो १८५८ मध्ये. ऑलिव्हर वेंडेल होम्स हे अमेरिकेतल्या बोस्टन शहराचे डॉक्टर आणि लेखक. त्यांच्या गाजलेल्या लेखमालेत एक पात्र म्हणते की बोस्टनचे स्टेट हाउस, म्हणजे तिथल्या राज्य विधिमंडळाची इमारत, हा सूर्यमालेचा हब आहे. पुढे ते असेही म्हणते की अख्ख्या सृष्टीच्या चाकाची धाव सरळ करून तिची पहार केली, तरी ही समजूत बोस्टनकराच्या डोक्यातून उपसून काढता येणार नाही.

उपमा शेवटपर्यंत चाकाचीच आहे. होम्स स्वतः त्याच शहराचे, आणि ते आपल्या गावकऱ्यांच्या अहंकाराला प्रेमाने चिमटा काढत होते. बोस्टनने चिमटा विसरून पदवी तेवढी घेतली. सूर्यमालेच्या जागी लवकरच ‘विश्वाचा हब’ आले. तिथली वर्तमानपत्रे अजूनही मथळ्यात शहराला ‘द हब’ म्हणतात. ‘आमचे गाव म्हणजे हब’ असे अभिमानाने सांगायची रीत तिथून रुळली, आणि आजच्या प्रकल्पांच्या जाहिराती तीच रीत चालवतात.

सेंटर आणि हब यांत फरक काय?

अनेकांना वाटते की दोन्ही एकच, एक जुना शब्द आणि एक नवा. पण दोघांची जन्मस्थाने वेगळी आहेत.

‘सेंटर’ आला ग्रीक ‘केंत्रोन’वरून. त्याचा मूळ अर्थ टोकदार वस्तू, बैलाला टोचायची पराणी. वर्तुळ काढताना कंपासचे अणकुचीदार टोक कागदावर जिथे रुतते, त्या बिंदूला ग्रीक गणितींनी हेच नाव दिले. लॅटिन आणि फ्रेंचमधून ते इंग्रजीत गेले. दुसऱ्या वाटेने ते आपल्याकडे आले. इसवी सनाच्या सुरुवातीच्या शतकांत ग्रीक ज्योतिष भारतात पोचले, तेव्हा त्याबरोबर आलेल्या ‘केंत्रोन’चे संस्कृतात ‘केंद्र’ झाले. पत्रिकेतल्या पहिल्या, चौथ्या, सातव्या आणि दहाव्या स्थानांना केंद्र म्हणतात ते तेव्हापासून. म्हणजे ‘सेंटर’चा शुद्ध देशी प्रतिशब्द म्हणून आपण जो ‘केंद्र’ वापरतो, तो सेंटरचाच सख्खा भाऊ आहे.

गंमत अशी की एक शब्द बैलाच्या पराणीचा निघाला आणि दुसरा गाडीच्या तुंब्याचा. फरकही तिथेच आहे. सेंटर हा बिंदू आहे. त्याला जाडी नाही, तो काही पेलत नाही, तो मोजमापाने ठरतो. हब ही वस्तू आहे, ती काम करते. वर्तुळ काढले की सेंटर आपोआप मिळते, हब मात्र घडवावा लागतो. महाराष्ट्राच्या नकाशाचा मध्यबिंदू काढला तर तो कदाचित एखाद्या माळरानावर येईल. तिथून एकही रस्ता जात नसला तरी तो मध्य राहीलच, पण त्याला हब म्हणता येणार नाही. उलट मुंबई नकाशाच्या पार पश्चिम कडेला आहे, तरी शतकभराहून जास्त काळ ती मोठा हब आहे.

विमानांचे आणि पार्सलांचे गणित

हब शब्दाला आजचा व्यावसायिक अर्थ मिळाला तो वाहतुकीतून. समजा दहा शहरे आहेत. प्रत्येक शहरातून प्रत्येक शहराला थेट विमान द्यायचे तर ४५ मार्ग लागतात. त्याऐवजी एका शहराला तुंबा केले आणि बाकी नऊ शहरांतून तिथपर्यंत विमाने ठेवली, तर ९ मार्गांत काम भागते. प्रवाशाला मध्ये विमान बदलावे लागते, पण कुठूनही कुठेही जाता येते. थोडे प्रवासी असलेल्या छोट्या शहरांनाही सेवा परवडते. या रचनेला ‘हब अँड स्पोक’ म्हणतात. मराठीत सरळ तुंबा आणि आरे.

अमेरिकेत डेल्टा कंपनीने १९५५ मध्ये अटलांटा इथे ही पद्धत आणली. पुढे तिकडच्या दक्षिण भागात म्हणच पडली की मेल्यावर स्वर्गात जा नाहीतर नरकात, अटलांटाला विमान बदलावेच लागते. १९७३ मध्ये फेडरल एक्सप्रेस कंपनीने मेम्फिस शहरातून तेच पार्सलांबाबत केले. संध्याकाळी सगळ्या शहरांची पार्सले मेम्फिसला आणायची, रात्रीत वर्गवारी करायची, पहाटे ज्याच्या त्याच्या शहराकडे रवाना करायची.

ठाण्याहून वाशीला पाठवलेले पार्सल ट्रॅकिंगमध्ये भिवंडीला दिसले की लोक वैतागतात, की अरे, हे उलट्या दिशेला कुठे चालले? पण कंपनीने भिवंडीच्या गोदामाला तुंबा केलेले असेल, तर दोन आऱ्यांमधली वस्तू तुंब्यातून जाणारच. आपल्या एका पार्सलाला तो वळसा असतो, हजारो पार्सलांचा एकत्र हिशेब केला तर तोच स्वस्त पडतो.

संगणकाच्या जोडणीतला हब याच कुळातला. त्यात केबली येऊन मिळतात. फक्त तो आला संदेश सगळ्यांना पाठवतो, म्हणजे सोसायटीच्या वॉचमनने एका फ्लॅटचे पार्सल आल्यावर साऱ्या इमारतीला हाक मारावी तसे. नेमक्या फ्लॅटला इंटरकॉम करणाऱ्या उपकरणाला ‘स्विच’ म्हणतात, आणि त्याने हबला बहुतेक ठिकाणांहून हटवले.

मग ठाणे आणि नवी मुंबई हब आहेत का?

आता मूळ प्रश्न. हबची कसोटी एकच: इथून आरे बदलले जातात का? एका दिशेने आलेले दुसऱ्या दिशेला जाण्यासाठी इथे उतरतात का?

ठाणे स्थानक या कसोटीला शंभर टक्के उतरते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली प्रवासी गाडी ठाण्याला येऊन थांबली, तेव्हा ठाणे हे आऱ्याचे टोक होते. पुढच्याच वर्षी रूळ कल्याणपर्यंत गेले आणि ठाणे वाटेवरचे स्थानक झाले. २००४ मध्ये ट्रान्स-हार्बर मार्ग सुरू झाला, तेव्हा ते खऱ्या अर्थाने हब बनले. बदलापूर, कल्याण, डोंबिवलीहून ऐरोली, घणसोली, वाशीला कामाला जाणारा माणूस ठाण्याला उतरतो, पूल चढतो आणि पलीकडच्या फलाटावर जातो. सकाळी नऊ वाजता त्या पुलावर उभे राहिले की तुंब्यावर भार येतो म्हणजे काय ते वेगळे सांगावे लागत नाही.

हा भार कमी करण्याचा उपायही तुंब्या-आऱ्यांच्या भाषेत सांगता येतो. कळवा-ऐरोली उन्नत रेल्वेमार्गाची कल्पना अशी की कल्याणकडचा प्रवासी ठाण्याला न जाता थेट नवी मुंबईच्या मार्गावर वळावा. म्हणजे दोन आरे बाहेरच्या बाहेर जोडायचे. त्याच प्रकल्पातले दिघा गाव स्थानक जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाले. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्र सरकारने मंजूर केलेली ठाण्याची २९ किलोमीटरची, २२ स्थानकांची वर्तुळाकार मेट्रो म्हणजे या चाकाला धाव चढवण्याचा प्रयत्न आहे.

वाशीचा घाऊक बाजारही हबच. रत्नागिरी-देवगडचा हापूस, नाशिकचा कांदा, वेगवेगळ्या राज्यांतले धान्य ट्रकांतून तिथे येते आणि पहाटे टेंपोंतून मुंबई-ठाण्याच्या मंडयांकडे पांगते. तिथला माथाडी कामगार शब्दशः आऱ्यांमधला भार आपल्या पाठीवरून बदलतो.

न्हावाशेवा बंदराचे उत्तर वेगळे. १९८९ मध्ये सुरू झालेले हे बंदर प्रचंड आहे, पण तिथे येणारे बहुतेक कंटेनर देशात येण्यासाठी किंवा देशाबाहेर जाण्यासाठी असतात. ती देशाची वेस आहे. एका जहाजातून उतरवून दुसऱ्या जहाजात चढवण्याचे काम मोठ्या प्रमाणात होते ते कोलंबो, सिंगापूरसारख्या बंदरांत. भारताने त्यासाठी केरळात विझिंजम उभारले, ते मे २०२५ मध्ये राष्ट्राला अर्पण झाले. वेस आणि तुंबा दोन्ही महत्त्वाचे, पण कामे निराळी.

आणि विमानतळ? पहिल्या टप्प्यात वर्षाला दोन कोटी प्रवाशांची क्षमता आहे, ती मोठीच आहे. पण दोन कोटी प्रवासी इथूनच निघाले आणि इथेच उतरले, तर तो मोठा विमानतळ होईल, हब होणार नाही. नागपूरचा प्रवासी इथे विमान बदलून आखाती देशांत जाऊ लागला, तर हब. त्यासाठी ठराविक वेळी बरीच विमाने एकदम यावी लागतात आणि दीड-दोन तासांत एकदम सुटावी लागतात. मुंबईच्या जुन्या विमानतळावर दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे अशा लाटा तिथे सांभाळणे अवघड. नवी मुंबईच्या आराखड्यात दोन समांतर धावपट्ट्या आहेत. आशेला जागा आहे ती इथे. पण एक विमान सांताक्रूझला उतरणार आणि पुढचे पनवेलहून सुटणार असेल, तर मधले शहर ओलांडताना सगळा फायदा वाहून जाईल. एकाच शहराचे दोन विमानतळ आपोआप मिळून एक हब होत नाहीत.

राहिले नवी मुंबई शहर. ते एक हब म्हणून आखलेच नव्हते. १९६०च्या दशकात चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी पलीकडच्या किनाऱ्यावर नव्या शहराची कल्पना मांडली. मुंबईत नोकऱ्या दक्षिण टोकाला एकवटल्या होत्या आणि सगळ्या गाड्या सकाळी एकाच दिशेने भरून जात होत्या, हे दुखणे त्यांना दूर करायचे होते. १९७० मध्ये हे शहर वसवण्यासाठी सिडको हे सरकारी महामंडळ स्थापन झाले. त्याने वाशी, नेरूळ, बेलापूर असे अनेक नोड, म्हणजे छोटी छोटी उपनगरे, रेल्वेमार्गावर ओवले. प्रत्येक नोडला आपला बाजार, शाळा, नोकऱ्या असाव्यात, कुणा एकावर सारा भार पडू नये, हा हेतू होता. मला हा विचार आजही फार मोलाचा वाटतो. म्हणून प्रत्येक नोडला स्वतंत्रपणे ‘हब’ ठरवायची घाई बघितली की वाईट वाटते.

‘शब्दाचा अर्थ वाढला तर बिघडले कुठे?’

हा आक्षेप रास्त आहे. भाषा अशीच वाढते, हब स्वतः सुतारांच्या वाड्यातून विमानतळावर पोचला आहे. पण आजवर तो जिथे गेला तिथे आपले काम बरोबर घेऊन गेला. बोस्टनची थट्टा सोडली तर विमान, पार्सल, संगणक या सगळ्यांत आरे आणि तुंबा स्पष्ट दिसतात. दहा महाविद्यालये एका रस्त्यावर आली की त्याला ‘एज्युकेशन हब’ म्हणतात, तिथे हे काम गळते. तो समूह झाला. समूह असणे चांगलेच, विद्यार्थ्यांना निवड मिळते. पण एका महाविद्यालयातून दुसऱ्यात काही ये-जा होत नसेल, तर हबचा फायदा तिथे मिळत नाही.

डेटा सेंटरांचे मधले आहे. इमारती शेजारीशेजारी असणे हा समूह. पण वेगवेगळ्या कंपन्यांची जाळी तिथे एकमेकांना जोडली जातात, मुंबई किनाऱ्यावर येणाऱ्या समुद्राखालच्या केबलींशी त्यांचा सांधा जुळतो, तेवढ्यापुरते ते खरेच हब असते.

‘हब झाले की भाव वाढतात, मग चांगलेच की!’

घर घेणाऱ्यांचा हा युक्तिवाद. भाव वाढतात हे खरे, पण हबजवळ राहणाऱ्याला भारही मिळतो. घाऊक बाजारालगतच्या रस्त्यांवर पहाटेपासून ट्रकांच्या रांगा असतात. ठाणे स्थानकात बिघाड झाला की कल्याण आणि पनवेल दोन्हीकडे गाड्या रखडतात. आरा मोडला तर गाडी लंगडते, तुंबा फुटला तर जागीच बसते. म्हणून ‘इथे हब होतोय’ असे ऐकले की पुढचे प्रश्न विचारावेत: रस्ते किती रुंद होणार, बदलण्याची सोय कशी, बिघाड झाला तर दुसरी वाट कोणती?

‘मग मराठीत काय म्हणायचे?’

सरसकट ‘केंद्र’ म्हणून भागणार नाही, कारण केंद्र हे बिंदूचे नाव आहे आणि शिवाय सरकार, मतदान, आरोग्य अशा किती गोष्टींना ते आधीच जुंपलेले आहे. सगळीकडे एकच शब्द हवा असा हट्टही नको. बाजाराला पेठ, बंदराला वेस, महाविद्यालयांना किंवा डेटा सेंटरांना समूह किंवा वसाहत, आणि मार्ग जिथे मिळतात त्या जागेला संगम किंवा सरळ जंक्शन. ठाणे स्थानकाला मात्र खुशाल हब म्हणावे, किंवा ज्यांना जमेल त्यांनी तुंबा.